रेसिदेन्ते की जे बाल्विन?

भाची स्पॅनिश शिकतेय. परवा विचारत होती, मामा, स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या या दोघांपैकी आधी कोणाला ऐकू? दोघांचं भांडण 2021 मध्ये पेटलं. प्वेर्तो रिकोच्या रॅपर रेसिदेन्तेनं कोलंबियाच्या गायक बाल्विनच्या संगीताला हॉटडॉगच्या गाडीची उपमा दिली. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाचा संगीतनिर्माता बिसाराप याच्यासोबत आठ मिनिटांहून मोठा रॅप करून तो बाल्विनवर तुटूनच पडला.

शब्दांत रेसिदेन्ते कितीतरी पुढे. त्याच्या ‘काये 13’ या बँडच्या ‘लातिनोआमेरिका’ गाण्यात कोलंबिया, पेरू आणि ब्राझीलच्या तीन गायिका आहेत. त्यातल्या कोलंबियाच्या तोतो ला मोम्पोसिनाचा तो मातीतला आवाज लागला की अंगावर काटा येतो. शब्दकोश मात्र हाताशी हवा.

ठेक्यात बाल्विन. ‘मी हेंते’मधला तुटक, पुन्हापुन्हा येणारा सूर लगेच पाय हलवतो. निव्वळ बाजारू म्हणून त्याला मोडीत काढणं मला पटत नाही. 2017 मध्ये याच गाण्याच्या बियॉन्सेसोबतच्या आवृत्तीतून वादळग्रस्तांना मदत गेली, त्यात प्वेर्तो रिकोही होतं.

टिकण्याचं म्हणाल, तर माझ्याकडे रेसिदेन्तेच वर्षानुवर्षं वाजतो.

नाचायला, प्रवासाला बाल्विन घ्या. भाषा आणि लॅटिन अमेरिकेचं दुखणं समजून घ्यायचं असेल तर रेसिदेन्ते. भाचीला मी तोच सांगितला.