ओएसएफ: टीम चार ठिकाणी विखुरलेली असेल तर नक्की वापरा

ठाणे खाडीच्या गाळावर आमचा ग्रुप काम करतो. सॅम्पल ऐरोलीच्या बाजूला ओहोटीला काढायचे, टेस्टिंग वाशीच्या लॅबमध्ये, गाळातले किडे ओळखणाऱ्या मॅडम गोव्यात आणि स्टॅटिस्टिक्स बघणारे सर पुण्यात. प्रश्न एकच, फ्लेमिंगो चरतात तिथला गाळ कसा बदलतोय, पण कामाचे तुकडे इतके की याचं त्याला कळत नाही. अशांनी ओपन सायन्स फ्रेमवर्क म्हणजे ओएसएफ घ्याच, संशोधनाच्या फाइल्स आणि नोंदी सगळ्यांनी एका जागी ठेवायची ही वेबसाइट. अमेरिकेतल्या सेंटर फॉर ओपन सायन्स या ना-नफा संस्थेचं आहे, २०१३ पासून चालू आहे आणि फुकट आहे.

एका प्रोजेक्टखाली वेगवेगळे कंपोनंट म्हणजे उपविभाग करता येतात, कोणी फक्त बघायचं, कोणी एडिट करायचं, कोण अ‍ॅडमिन, हे प्रत्येकात वेगळं ठरवता येतं, त्याच नावाची फाइल परत टाकली तरी जुनी व्हर्जन राहते. आणि मला सगळ्यात भावलेलं म्हणजे गुडघाभर चिखलात उभी राहणारी एमएस्सीची पोरंसुद्धा काँट्रिब्युटर म्हणून यादीत येतात, साइटेशनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टचा संदर्भ देताना येणाऱ्या नावांतही त्यांचं नाव ठेवता येतं, नाहीतर ती आभारात एका ओळीत संपतात हो!

खरी ताकद प्रीरजिस्ट्रेशनची, म्हणजे आकडे बघण्याआधीच अभ्यास कसा करणार ते नोंदवून ठेवायची. पावसाळ्यात खाडीचा खारटपणा एकदम उतरतो, मग ते महिने धरायचे की वगळायचे हे आकडे बघून ठरवलं तर प्रत्येक जण आपल्याला हवं ते काढणार. इथे आधीच लिहून तारखेसकट लॉक होतं, हवं तर ४ वर्षांपर्यंत झाकूनही ठेवता येतं. हे किती गरजेचं आहे ते २०१५ मध्ये दिसलं, २७० लेखकांनी ओएसएफवरूनच जुळवाजुळव करून मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, मूळचे ९७ टक्के निकाल सिग्निफिकंट (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे) होते, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्के.

पण हे कामं वाटून देणारं अ‍ॅप आहे असं समजू नका. खाडीवरच्या वहीतल्या नोंदी त्याच दिवशी चढवायला, कोणाचं अडलंय ते फोन करून विचारायला एक माणूस लागतोच, तो आधी नेमा. प्रायव्हेट प्रोजेक्टला ५ जीबी, पब्लिकला ५० जीबी, मायक्रोस्कोपचे फोटो असतील तर गूगल ड्राइव्ह जोडा. डेटा ठेवायच्या जागांत भारत नाही, त्यामुळे पेशंटची माहिती असेल तर आधी एथिक्स कमिटीला विचारून घ्या.