लोह तपासणीचं पॅकेज : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबबद्दल

शरीरात जादा लोह साठलंय का, हे बघायला हे पॅकेज. त्यात सीरम आयर्न (रक्तातलं लोह), टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते) आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आहे. एवढं पुरतं. सकाळी उपाशीपोटी सॅम्पल घेतात, ते बरोबर. पण लोहाची गोळी आदल्या दिवशी बंद ठेवा, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. सकाळी गोळी घेऊन गेलात तर सीरम आयर्न फुगलेलं येणार.

रिपोर्टमध्ये ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) छापत नाहीत, ही मोठी उणीव. खरं तर पहिल्यांदा बघायचा आकडा तोच. स्वतः काढा : सीरम आयर्न भागिले टीआयबीसी, गुणिले १००. १८० आणि ३०० असेल तर ६० टक्के. ४५ च्या वर गेलं की उपाशीपोटी पुन्हा तपासायचं. नुसतं फेरिटिन वाढलं म्हणून घाबरू नका. ताप, फॅटी लिव्हर, दारू यांनीही ते चढतं.

ही तपासणी कोणी करावी? सतत थकवा, तर्जनी-मधल्या बोटाच्या मुळाशी सांधेदुखी, कातडीवर करडी-तांबूस झाक, त्यात शुगर किंवा एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं, अशांनी. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांनी तर नियमित. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. (निरोगी माणसाला तांबड्या रश्श्यातल्या लोहाची भीती नको.)

रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. जिना मात्र अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी घरून सॅम्पल द्यावं.