कृष्णाकाठचे गाव आणि बंगळूरचा मुक्काम: जिल्हा ई-पेपर व गावचा व्हॉट्सॲप गट यांच्या वापराचा अनुभव

पलूस तालुक्यातील कृष्णाकाठचे एक गाव हे माझे मूळ गाव, आणि नोकरीमुळे बरीच वर्षे मुक्काम बंगळूरला आहे. आई-वडील, थोरले चुलते आणि सामाईक शेती गावीच आहे. गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना मी दोन गोष्टी एकदमच सुरू केल्या. एका मराठी दैनिकाच्या सांगली आवृत्तीच्या ई-पेपरची वार्षिक वर्गणी भरली, आणि गावच्या ज्या व्हॉट्सॲप गटात आजवर माझे केवळ नाव होते तो रोज लक्षपूर्वक वाचायला घेतला. पावसाळा, पाणी ओसरल्यानंतरचे दिवस आणि ऊसतोडीचा हंगाम एवढा काळ दोन्हींचा वापर झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. बाहेरगावी राहून गावाची खरी बातमी हवी असणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आधी ई-पेपरविषयी. अंक पहाटेच उपलब्ध होतो. तो छापील पानाचेच चित्र असल्यामुळे मोबाईलवर पान मोठे करून, इकडेतिकडे सरकवत वाचावे लागते, आणि आठ कॉलमचे पान हातातल्या पडद्यावर वाचणे डोळ्यांना त्रासाचे आहे. टॅब किंवा संगणक नसेल त्यांनी वर्गणी भरण्यापूर्वी याचा विचार करावा. बातमीचे कात्रण काढून पाठवण्याची सोय उत्तम आहे. शोधाची सोय मात्र नावापुरती आहे. गावाचे नाव मथळ्यात असेल तरच सापडते, आणि तालुक्याच्या पानावर गावाचे नाव बहुधा मजकुराच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असते. तरीही वर्गणीचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. मराठी दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्या काढल्या तेव्हा स्थानिक बातम्यांना जागा मिळाली खरी, पण सांगलीची बातमी सांगलीतच अडकून पडली; पुण्याच्या अंकात ती येईना. ई-पेपरने ही अडचण पार घालवली. तासगावच्या बेदाण्याचे सौदे, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा दर, कोणत्या साखर कारखान्याने उसाची पहिली उचल (पहिला हप्ता) किती जाहीर केली, शेजारच्या गावातल्या जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस, हे सारे बंगळूरला ऑफिसला निघण्यापूर्वी वाचून होते.

गटाचे स्वरूप वेगळे आहे. त्यात गावातले लोक आहेत, पुण्या-मुंबईचे आहेत, सैन्यात असलेले आहेत, आणि गलाईच्या व्यवसायासाठी दक्षिणेत नि उत्तरेत पांगलेली आमच्या भागातली मंडळीही आहेत. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलेली कुटुंबे आजवर यात्रेला आणि लग्नसराईलाच भेटत. आता कोईमतूरला दुकान चालवणारा माझा वर्गमित्र आणि मी, ग्रामसभेत पाणीपट्टीवर काय ठरले याविषयी त्याच संध्याकाळी बोलू शकतो. निधनाच्या बातमीबाबत तर हा फरक फार मोठा आहे. वर्तमानपत्रातल्या एका कॉलमच्या निधनवार्तेत रक्षाविसर्जनाची वेळ असते, पण पूर्वी तो अंक किंवा त्याचा निरोप आमच्यापर्यंत पोहोचेतो ती वेळ टळून गेलेली असायची. आता गटावर तासाभरात कळते आणि रात्रीची गाडी पकडून जाता येते. या एका कारणासाठीसुद्धा मी हा गट सोडणार नाही.

या दोन साधनांची खरी परीक्षा पुराच्या दिवसांत झाली. त्या पावसाळ्यात पाणी २०१९ किंवा २०२१च्या महापुराइतके चढले नाही, पण नदीकाठच्या घरांना सामान माळ्यावर चढवावे लागेल आणि जनावरे हलवावी लागतील, एवढे नक्कीच चढले. आमच्या भागात सगळ्यांचे लक्ष सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या मोजपट्टीकडे असते. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मात्र गावातल्या माणसाला फुटांचा हिशेब पुरत नाही. त्याच्या मनातली मापे वेगळी आहेत: पाणी स्मशानभूमीत आले, दत्ताच्या देवळाच्या पायरीला लागले, वेशीतल्या पाराला टेकले, अमक्याच्या गोठ्यात शिरले. थोरले चुलते फोनवर मला याच भाषेत सांगतात आणि मलाही ती लगेच कळते. ही मापे कोणत्याही दैनिकात येत नाहीत, येणे शक्यही नाही. ती गटावरच मिळतात, छायाचित्रासह मिळतात, आणि रात्री दोन वाजताही मिळतात. आदल्या रात्री छपाईला गेलेला अंक सकाळी उघडावा, तर नदी पुढे निघून गेलेली असते. वेगाच्या बाबतीत ई-पेपर गटापुढे टिकत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

गटाचा दोषही याच दिवसांत दिसला, आणि माझ्या मते इंटरनेटवरच्या बातमीचा तोच मूळ दोष आहे: तिला वेळ नसते. संदेशावर जी वेळ दिसते ती तो आपल्याला मिळाल्याची असते. त्यातला मजकूर किंवा चित्र कधीचे आहे हे तिच्यावरून कळत नाही. एका रात्री सांगलीच्या बाजारपेठेत होड्या फिरत असल्याची चित्रफीत ‘आत्ताची परिस्थिती’ अशा ओळीसह गटावर आली. पुण्या-बंगळूरच्या लोकांनी गावी फोनांचा सपाटा लावला, आणि गावातली वयस्क माणसे झोपेतून उठून बसली. शेवटी सांगलीत राहणाऱ्या एकाने चित्रफितीतल्या एका दुकानाची पाटी ओळखली. ते दुकान २०१९च्या पुरानंतर तिथून हललेले होते. ज्याने ती पाठवली त्याने सद्हेतूनेच पाठवली होती, याबद्दल मला शंका नाही. त्याला ती दुसऱ्या गटातून आली, त्या गटाला तिसऱ्यातून. वर्तमानपत्रातल्या अगदी लहान बातमीच्या सुरुवातीला गावाचे नाव आणि तारीख असते, ती कुणी दिली हे असते, आणि चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा मागता येतो. गटावरचा खुलासा मूळ संदेशाच्या मागोमाग जात नाही. मूळ संदेश पन्नास गटांत गेलेला असतो आणि खुलासा एकाच गटात पडून राहतो.

धरणातल्या विसर्गाच्या, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या, बाबतीत हाच दोष अधिक घातक ठरतो. ‘कोयनेचे दरवाजे उघडले’ एवढ्याच संदेशाला काही अर्थ नाही. आधी पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सोडतात, तेव्हा नदीकाठी घाबरण्याचे कारण नसते. सहा वक्र दरवाजे एक-दीड फूट उचलणे आणि दहा फूट उचलणे यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून दरवाजे कोणत्या वेळी, किती फुटांनी उचलले आणि एकूण विसर्ग किती, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ती बातमी होते. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन हे आकडे वेळेसह प्रसिद्ध करतात. परंतु तो तक्ता पुढे पाठवताना लोक त्यातली वेळेची ओळ कापून फक्त विसर्गाचा आकडा पाठवतात, हे मी अनेकदा पाहिले.

अफवेचा परिणाम किती भीषण होऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या समाजमाध्यमांवरील अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. या मर्यादांचा उपयोग झाला असेलच, पण माझ्या वापरात तरी खरा फरक गावाने स्वतः केलेल्या नियमामुळे पडला. त्या चित्रफितीनंतर गावच्या शाळेतील एका निवृत्त गुरुजींनी पुराच्या संदेशांपुरता नियम घालून दिला: ठिकाण, घड्याळातली वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव असल्याशिवाय पाण्याची बातमी टाकायची नाही. दोन तरुण आळीपाळीने घाटावर जाऊन मोजपट्टीचे छायाचित्र काढू लागले, आणि त्याखाली ‘सकाळी ८ वाजता, दत्त मंदिर, दुसरी पायरी’ अशा धर्तीची एक ओळ आणि स्वतःचे नाव येऊ लागले. ही पत्रकारिताच आहे. त्या मुलांना कुणी वार्ताहर म्हणत नाही, मानधनही मिळत नाही, पण त्या आठवड्यात आम्हा बाहेरगावच्या लोकांचा सर्वाधिक विश्वास त्यांच्यावर होता.

पण जो विषय पाणीपातळीसारखा डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही, तिथे गट अपुरा पडतो. कृष्णेवरच, पण आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचे उदाहरण घ्या. दर पावसाळ्यात ‘कर्नाटकने दरवाजे बंद ठेवले म्हणून आपण बुडतो’ हा संदेश फिरतो आणि दोन दिवस वाद पेटतो. २०१९च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, आणि त्यात त्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवलेला नाही. हा निष्कर्ष आमच्या भागात अनेकांना मान्य नाही, आणि धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या योजनेला सांगली-कोल्हापुरात तीव्र विरोध आहे. ही दोन्ही बाजूंची मांडणी, नदीपात्रातली अतिक्रमणे आणि फुगवट्याचा (धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा) प्रश्न यांसह, मला ई-पेपरमध्ये सलग वाचायला मिळाली. गटावर दोन्ही बाजूंचे आवाज होते, अहवाल कुणी उघडलेला नव्हता. बंगळूरला राहून कन्नड मित्रांशी याच विषयावर बोलावे लागते, तेव्हा मला त्या लेखाचे कात्रण उपयोगी पडले.

पाणी ओसरले तसा गट शांत झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नेत्यांचे फलक परत आले. दैनिकाचे महत्त्वाचे काम मात्र तेव्हाच सुरू झाले. कोणत्या गावांत पिकांचे पंचनामे झाले, कुठे तलाठी अजून पोहोचले नाहीत, मदतीच्या याद्यांतून कोण सुटले, याच्या बातम्या तालुक्याच्या पानावर कित्येक आठवडे येत राहिल्या. आमच्या गावाचा एक मळा पंचनाम्यातून राहून गेल्याचे गटावर दोनदा लिहिले गेले आणि विरून गेले. वार्ताहराने ते चार ओळींत छापल्यावर कर्मचारी पाहणीला आले. गटातल्या तक्रारीवर सर्वांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली होती. छापील चार ओळींना कुणाला तरी उत्तर द्यावे लागले.

म्हणूनच तालुक्याच्या वार्ताहराची मला काळजी वाटते. त्याचे मानधन अपुरे असते, आणि अनेक ठिकाणी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याच गळ्यात असते. ज्या पुढाऱ्याची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी लिहिणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको. आता तालुक्यातल्या जाहिराती यूट्यूबवरच्या स्थानिक वाहिन्यांकडे वळू लागल्या आहेत. त्या वाहिन्यांपैकी एक-दोन मी नियमित पाहिल्या. नगरपरिषदेच्या सभेचे चित्रण त्या पूर्ण दाखवतात, जे दैनिकात कधीच मिळत नसे, आणि हे मोठे काम आहे. पण लाल बाण आणि उद्गारचिन्हे लावलेल्या मथळ्यांखाली बहुतेक वेळा सत्कार आणि उद्घाटनेच असतात. आमचा ई-पेपर वाचणाऱ्यांतही पैसे भरणारे थोडे आणि फुकट पाने मिळवणारे पुष्कळ आहेत. अंकाची संपूर्ण प्रत रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या गटावर येतेच. ज्या वार्ताहराच्या चार ओळींमुळे आमच्या मळ्याचा पंचनामा झाला, त्याच्या मेहनतीचे पैसे यातून बुडतात, हे त्या प्रती पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नसावे.

थोरले चुलते या साऱ्याच्या बाहेर आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे; ते वाचनालयात छापील अंक वाचतात आणि पावसाळ्यात आकाशवाणी सांगलीच्या बातम्या ऐकतात. २०१९ मध्ये वीज गेली आणि मोबाईलचे मनोरे बंद पडले, तेव्हा आम्हा बाहेरच्या लोकांना गावाची काहीही खबर नव्हती आणि गावातल्यांना एकमेकांची नव्हती. त्या दिवसांत बॅटरीवर चालणारा रेडिओच काय तो उपयोगी होता. गटावर विसंबून राहणाऱ्या प्रत्येक घराने एक रेडिओ आणि जवळच्या चार माणसांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

वर्गणीचे नूतनीकरण मी केले आहे. ई-पेपरच्या वाचक विभागाला दोन सूचनाही पाठवल्या आहेत: मजकुरात गावाच्या नावाचा शोध घेता यावा, आणि पुराच्या काळात धरणांचा विसर्ग व पुलांवरची पातळी यांची वेळेसह नोंद दिवसातून काही वेळा सर्वांना विनामूल्य दिसावी. पहिल्या सूचनेवर पोच आली आहे. दुसरीवर अजून काही कळवलेले नाही. गटाबाबत असे ठरले आहे की येत्या जूनपासून पुराच्या बातम्यांसाठी स्वतंत्र गट असेल, त्यात गुरुजी आणि घाटावर जाणारी ती दोन मुलेच संदेश टाकतील, आणि आम्ही बाहेरगावचे लोक त्यांच्या मोबाईल रिचार्जचा खर्च उचलू.