'दोन महिन्यांत कुत्रा तयार करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

जर्मन शेफर्ड किंवा मॅलिनॉय घेऊन आयजीपीसारख्या, म्हणजे कामाच्या कुत्र्यांची परीक्षा घेणाऱ्या खेळात उतरायचं तुमच्या मनात असेल, आणि एखादा ट्रेनर "कुत्रा दोन महिने फार्मवर ठेवा, स्पर्धेला तयार करून देतो" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या भैरूचे जे हाल झाले ते दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचे होऊ नयेत.

भैरू वर्किंग लाइनचा, म्हणजे कामासाठी पैदास केलेला जर्मन शेफर्ड. नऊ महिन्यांचा असताना त्याला पुण्याबाहेरच्या एका फार्मवर ठेवला. ट्रेनरने ट्रॉफ्या दाखवल्या, परदेशातले फोटो दाखवले, ऐंशी हजारांवर व्यवहार ठरला. दर रविवारी येऊन बघत जाऊ, असं आम्ही म्हटलं तर म्हणाला, "साहेब, मधेच मालक दिसला की कुत्रा बिघडतो. व्हिडिओ पाठवतो ना मी."

सगळी लबाडी या एका वाक्यात आहे. आयजीपीत तीन भाग असतात: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण, आणि पास व्हायला प्रत्येकात किमान ७० लागतात. तिन्ही वेळा कुत्र्याबरोबर हँडलर, म्हणजे त्याला आज्ञा देणारा माणूस, मैदानात असतो. म्हणजे शिकायचं दोघांनी असतं. शाबासकी नेमक्या कुठल्या क्षणी द्यायची, आज्ञा एकदाच आणि एकाच सुरात कशी द्यायची, कुत्र्याचा उत्साह असतानाच सराव कसा थांबवायचा, हे हँडलरच्या अंगात मुरावं लागतं. चांगला ट्रेनर अर्धा वेळ माणसालाच शिकवत असतो. जो माणसाला फाटकाबाहेर ठेवतो, त्याला काहीतरी लपवायचं असतं.

व्हिडिओ यायचे. वीस-वीस सेकंदांचे, मधे कापलेले. घरी सगळे खूश. भैरू हेल्परच्या (हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाच्या) हातावरची स्लीव्ह, म्हणजे जाड संरक्षक बाही, पकडतोय, 'आउट' ('सोड') म्हटल्यावर सोडतोय. पुढे एका जाणकार मित्राने तेच व्हिडिओ सावकाश चालवून दाखवले. भैरूची पकड फक्त पुढच्या दातांची होती. धरतो, सोडतो, परत धरतो, घशातून गुरगुरतो. कान मागे, शेपूट पायांत. आत्मविश्वास असलेला कुत्रा जबडा भरून, शांतपणे धरतो आणि तसाच धरून ठेवतो. मग मित्राने ट्रेनरच्या हाताकडे बोट दाखवलं. हात खिशात, अंगठा हलतो, भैरूची मान झटका खाते, स्लीव्ह सुटते, आणि 'आउट' हा शब्द त्यानंतर ऐकू येतो. खिशात शॉक कॉलरचा, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचा रिमोट होता. कुत्रा शब्द शिकलाच नव्हता, तो फक्त झटक्याला घाबरत होता.

दरम्यान पैसे वाढतच गेले. हेल्परची फी वेगळी, एन्ट्री फी वेगळी, चिपचे (कुत्र्याच्या कातडीखाली बसवायच्या ओळख-चिपचे) वेगळे.

भैरूला आणायला गेलो तेव्हा तो लपत लपत आला. घरी पट्टा काढला तर मानेवर दोन वाटोळ्या जखमा, आजूबाजूचे केस गेलेले. कॉलरचे धातूचे खिळे तासन्‌तास एकाच जागी रुतल्यामुळे हे झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. मायक्रोवेव्हची शिटी वाजली की भैरू पलंगाखाली शिरायचा, कारण त्या कॉलरमधून झटक्याआधी तसाच आवाज यायचा.

सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र: 'शुट्झहुंड-१ उत्तीर्ण'. ही कागदं नीट वाचा. अकरा महिन्यांच्या कुत्र्याला हे मिळूच शकत नाही. आधी बीएच ही प्राथमिक परीक्षा द्यावी लागते आणि तिला कुत्रा किमान १५ महिन्यांचा लागतो. आयजीपी-१ साठी १८ महिने. शुट्झहुंड हे तर या खेळाचं जुनं नाव, त्याचं पुढे आयपीओ झालं आणि २०१९ पासून आयजीपी. खऱ्या परीक्षेची नोंद स्कोअरबुकात, म्हणजे कुत्र्याच्या गुणांच्या अधिकृत वहीत होते: तारीख, गुण, जजची सही आणि कुत्र्याचा १५ अंकी चिप नंबर. आमच्या कागदावर चिपचा रकाना कोरा होता. डॉक्टरांनी रीडर फिरवला, भैरूच्या अंगात चिपच नव्हती. तिचे पैसे मात्र घेतलेले.

तयार कुत्रा विकत घेणाऱ्यांनीही चिप स्वतःसमोर वाचून घ्यावी आणि स्कोअरबुकाशी ताडून पाहावी. साधा पट्टा घालून, दोरी तुमच्या हातात घेऊन, अनोळखी मैदानावर काम करून दाखवायला सांगा. विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर उठून या.

पैसे परत मागितल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. यूपीआयच्या नोंदी, व्हॉइस मेसेज, डॉक्टरांचा कागद, जखमांचे तारखेसह फोटो हे सगळं जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांची असते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जखमांबद्दल प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली पोलिसांत वेगळा अर्ज दिला आहे.

भैरूचं शिक्षण आता पहिल्यापासून सुरू आहे, आणि ते मीच करतो. नांगरलेल्या रानात पावलापावलावर खाऊचा तुकडा टाकत जायचं आणि त्याने नाक जमिनीला लावून तो माग काढायचा. यात त्याला कोणाची भीती वाटत नाही. स्लीव्ह अजून दाखवलेली नाही, आणि तो स्वतःहून खेळायला लागेपर्यंत दाखवणारही नाही.

तुमचा कुत्रा या घडीला अशा एखाद्या फार्मवर असेल तर फोन न करता जा. पट्टा काढायला लावा, मानेवरचे केस बाजूला करून कातडी बघा. आत सोडलं नाही तर तिथूनच पोलिसांना ११२ वर फोन करा.