फोंड्यातील घरपोच फिजिओथेरपी सेवा: ताठरलेल्या पायांसाठी आठ महिन्यांचा अनुभव

नारळ पाडायला पाडेली मिळेना, म्हणून माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी स्वतःच माडावर चढला आणि पडला. छातीच्या आठव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्याचे पाय लुळे होते. काही आठवड्यांनी ते ताठ होऊ लागले, मध्येच झटका येऊन गुडघे पोटाकडे ओढले जाऊ लागले, आणि शक्ती परत येत आहे असे समजून आईने शांतादुर्गेची ओटीही भरली.

मेंदूकडून स्नायूंवर राहणारा आवर इजेपाशी तुटल्यामुळे खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया अनिर्बंध होतात आणि यालाच स्पॅस्टिसिटी म्हणतात, हे आम्हाला नीट समजावले ते या घरपोच सेवेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पाय भरभर ओढले जात आणि ते अधिकच आखडत. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो विरोध करतो. म्हणून मॅडम टाच तळहातात धरून पाऊल अगदी सावकाश वर नेतात आणि तिथेच धरून ठेवतात. सुरुवातीला शिलाई मशीनच्या पायट्यासारखे थरथरणारे ते पाऊल हळूहळू शांत होताना मी रोज पाहिले आहे.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ताठरपणा अचानक वाढला की मॅडम आधी कारण शोधतात. श्रावणात दादाला रात्रभर झटके येऊ लागले तेव्हा आम्ही गोळी वाढवून मागण्याच्या विचारात होतो. मॅडमनी मोजे काढायला लावले, टाचा आणि माकडहाड तपासले, पोट साफ होते का, लघवी गढूळ आहे का हे विचारले, आणि शेवटी उजव्या अंगठ्याचे मांसात रुतलेले नख दाखवले. संवेदनाच नसल्याने दादाला त्याचा पत्ता नव्हता. नखावर उपचार होताच चार दिवसांत झटके ओसरले.

औषधे डॉक्टरच ठरवतात. ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे सुरू झाले. गुंगी येते म्हणून दादा ते एकाएकी बंद करणार होता. तसे केल्यास फिट्स आणि भास होऊ शकतात, असे सांगून मॅडमनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला. शिवाय सगळा ताठरपणा घालवायचा नाही, हेही त्यांनीच पटवले, कारण पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जाताना गुडघ्यांचा तोच ताठरपणा त्याला क्षणभर आधार देतो.

उणीव एकच, पण मोठी आहे. चतुर्थीच्या आठवड्यात सेवा बंद असते आणि बदली व्यक्ती मिळत नाही. त्या दिवसांसाठी मॅडमनी वहिनीला पाय ताणायला शिकवले होते, तरी आम्ही दोन दिवस चुकवले आणि तिसऱ्या दिवशी पायात स्प्लिंट (पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) चढवायला अर्धा तास लागला. बुकिंग करताना सुट्ट्यांची तारीख आधीच विचारून घ्यावी.