गंगापूर रोडवरील जपानी माहजाँगचा वर्ग : चार रविवारांनंतर

रमी खेळत मोठ्या झालेल्या माणसाला जपानी माहजाँग हा चौघांनी सोंगट्यांवर खेळायचा खेळ निम्मा ओळखीचा वाटतो आणि पुढे तीच ओळख त्याला अडवते. गंगापूर रोडवर एका घरी रविवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गात शिकवणारे गृहस्थ आधी त्या ओळखीचा पुरेपूर उपयोग करून घेतात आणि मग योग्य वेळी ती मोडतात. चार रविवारांचे १,२०० रुपये मला मुळीच जड वाटले नाहीत.

पहिल्या दिवशी १३६ सोंगट्या टेबलावर आल्या : ३४ प्रकार, प्रत्येकाच्या चार. हातात तेरा ठेवायच्या, चौदावी उचलायची, एक टाकायची आणि तीन-तीनचे चार संच व एक जोडी जमवायची. इथवर सगळे रमीसारखेच असल्यामुळे चिनी अंक वाचण्यापलीकडे फारसे अवघड गेले नाही. दुसऱ्या रविवारी कळले की हात पूर्ण झाला तरी त्यात किमान एक ‘याकू’, म्हणजे नियमांत ठरवून दिलेली रचना किंवा अट, नसेल तर जिंकता येत नाही. याकूंची लांबलचक यादी पाठ करायला न लावता त्यांनी तीनच दिले : रीची, तान्याओ आणि याकुहाई. नवशिक्याला तेवढे खरोखर पुरतात.

वर्गाचे खरे मोल मला तिसऱ्या रविवारी कळले. माझ्या हातात वर्तुळांच्या चिन्हाचे चार आणि पाच होते, म्हणजे त्याच चिन्हाचे तीन किंवा सहा आले की हात पूर्ण होणार होता. समोरच्या बाईंनी सहा टाकताच मी ‘रोन’ म्हणालो, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकल्याचे जाहीर केले. सरांनी काही न बोलता माझ्यासमोरच्या दुसऱ्या ओळीतील एका सोंगटीवर बोट ठेवले. ते मीच पूर्वी टाकलेले वर्तुळांचे तीन होते. ज्या सोंगट्यांनी आपला हात पुरा होतो त्यांपैकी एकही आपण आधी टाकलेली असली, तर दुसऱ्याने टाकलेल्या कोणत्याच सोंगटीवर जिंकता येत नाही, स्वतः उचललेल्या सोंगटीवर मात्र येते. याला ‘फुरितेन’ म्हणतात. रमीत टाकलेली पाने ढिगाखाली जातात; इथे प्रत्येकाने टाकलेल्या सोंगट्या त्याच्यापुढे सहा-सहाच्या ओळींत शेवटपर्यंत उघड्या राहतात आणि त्या वाचणे हाच अर्धा खेळ आहे. हा नियम नुसता सांगितला असता तर मी तो आठवडाभरात विसरलो असतो.

गुणमोजणीला मात्र न्याय मिळाला नाही. मानगान या ठरावीक गुणांच्या मोठ्या हाताला ८,००० गुण आणि तोच हात डीलरचा असल्यास १२,००० एवढे ध्यानात राहिले, पण त्याखालच्या हातांसाठी लागणारा हान (याकूंची किंमत मोजण्याचे एकक) आणि फू (हाताच्या रचनेचे छोटे गुण) यांचा हिशेब शेवटच्या अर्ध्या तासात उरकला गेला. शिवाय आम्ही सहा जण आणि टेबल एकच, त्यामुळे दर डावाला दोघांना बसून राहावे लागे. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी टेबले किती आहेत हे आधी विचारावे आणि गुणमोजणीसाठी पाचवा रविवार आग्रहाने मागून घ्यावा; मी तो मागितला आहे.