बारावीनंतर ‘रिसर्च’ करायचाय: मेडिकल, केमिस्ट्री की इंजिनिअरिंग? मराठवाड्यातून मांडलेला हिशेब

लातूरच्या ट्यूशन एरियात पीसीएमबी घेतलेल्या पोरांमध्ये दरवर्षी दोन-चार जण असे निघतातच, ज्यांना दवाखाना टाकायचा नसतो आणि कंपनीतही जायचं नसतं. ‘रिसर्च करायचाय’ असं ते घरी सांगतात आणि घरचे गोंधळतात. नीट आणि सीईटीचं गणित त्यांना तोंडपाठ असतं, रिसर्चचं कुणी सांगितलेलं नसतं. मग मामा नाहीतर चुलते सल्ला देतात, ‘आधी एमबीबीएस हो, मग काय करायचं ते कर.’ सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. संशोधन तिन्ही वाटांवर होतं. फक्त प्रत्येक वाटेवर ते वेगळ्या वयात सुरू होतं, वेगळ्या पैशावर चालतं आणि वेगळ्या ठिकाणी अडतं.

मान आणि पगार यांचं नंतर बघू. आधी एक विचारा: संशोधनाला लागणारा कच्चा माल कुठून येणार? मेडिकलमध्ये तो म्हणजे रुग्ण आणि त्यांच्या नोंदी. केमिस्ट्रीत रसायनं आणि यंत्रं. इंजिनिअरिंगमध्ये कुणाची तरी खरीखुरी अडचण. यातलं काय आपल्याकडे उदंड आहे आणि काय तोकडं आहे, यावर बरंच ठरतं.

वर्षांचा हिशेब

एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेजातून केलं तर वर्षभराचा बाँड, पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तिशीच्या आसपास. संशोधनाची पहिली सक्तीची ओळख होते ती एमडीच्या थिसिसमध्ये.

केमिस्ट्रीत बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी पास झालात तर एम.एस्सी. न करताही थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि हा नियम बी.ई.वाल्यांनाही लागू आहे. इंजिनिअरिंगची नेहमीची वाट मात्र चार वर्षं बी.ई., दोन वर्षं एम.टेक., मग पीएच.डी. अशीच. कोवळ्या वयात प्रयोगशाळेत हात घालायचा असेल तर केमिस्ट्रीच पुढे आहे, यात वाद नाही.

मेडिकल: माल ढिगानं, वेळ चिमूटभर

संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात सकाळी ओपीडीच्या रांगेपाशी थोडा वेळ उभं राहा, कच्च्या मालाची शंका उरणार नाही. जालना, बीड, बुलडाण्याकडचे रुग्ण इथं येतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय तर ग्रामीण भागासाठीच उभं राहिलेलं. नांदेडला आणि लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. कापसाच्या पट्ट्यातले फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण, सर्पदंश, रक्तक्षय, उसाच्या फडावरून आलेल्या बाया. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. हा विषय खरं तर इथल्या मेडिकल कॉलेजांतल्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, विभागांच्या दारात कितीतरी वर्षं उभा होता.

सर्पदंशाचंच घ्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं आणि ते बनवायला लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. मग तिकडच्या घोणशीच्या विषावर बनवलेलं औषध परभणीच्या रानातल्या घोणशीवर तितकंच लागू पडतं का, किती व्हायल लागतात, किडनी किती जणांची बसते, हे इथल्याच वॉर्डातून कळणार. पण केसपेपर उघडला की तिथं असतं ‘अननोन बाइट’. चावल्याची वेळ नाही, आधी कुठं मांत्रिकाकडं नेलं होतं का याची नोंद नाही. नातेवाइकानं मोबाइलवर सापाचा फोटो आणलेला असतो, तो कुणी जपून ठेवत नाही. नोंद करायची ज्या रेसिडेंट डॉक्टरनं, तो रात्रभर झोपलेला नसतो.

या वाटेची खरी अडचण ही आहे. शिवाय एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाला कळेल अशा मराठीत संमतिपत्र, आणि उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी. ही कटकट नाही, ती हवीच. पण तीन वर्षांच्या एमडीत तिचे महिने जातात. त्यामुळे बरेच थिसिस ‘अमुक आजाराच्या शंभर रुग्णांचा अभ्यास’ इथंच थांबतात आणि लायब्ररीच्या कपाटात जातात.

तरीही मोठं काम मोठ्या लॅबशिवाय होऊ शकतं याचा दाखला जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या माणसानंच दिला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरताना बघत होते. एकेका रुग्णापाशी बसून त्यांनी रक्तदाब, नाडी, घाम, फुप्फुसात पाणी भरणं, सगळं टिपलं आणि पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. 1982 मध्ये त्यांच्या लक्षणांच्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे होतं काय? रुग्ण, घड्याळ, वही आणि झोप मोडायची तयारी.

एमबीबीएसला असतानाच चव घ्यायची तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, अहवाल मंजूर झाला की विद्यावेतन. दुसऱ्या वर्षापासून यावर डोळा ठेवा.

केमिस्ट्री: वेळ आहे, यंत्र दूर आहे

विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात पीएच.डी.च्या पोराचा दिवस कसा जातो ते सांगतो. मिश्रणातून हवं ते संयुग वेगळं काढायला काचेच्या लांब कॉलममध्ये सिलिका जेल भरायचं, वरून मिश्रण सोडायचं, हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट ओतत राहायचं आणि खाली एकामागून एक नळ्या भरून घ्यायच्या. प्रत्येक नळीतला थेंब टीएलसी प्लेटवर लावायचा, यूव्ही दिव्याखाली धरायचा, नाहीतर आयोडीनच्या बरणीत ठेवून ठिपका उमटायची वाट बघायची. दोन ठिपके दिसले, म्हणजे संयुग अजून शुद्ध नाही, की पुन्हा पहिल्यापासून. एप्रिल-मे मध्ये नळाला पाणी नसलं तर वाफ थंड करणारा कंडेन्सर कसा चालवायचा? बादलीत छोटा पंप टाकून तेच पाणी फिरवत ठेवायचं, वरून बर्फ. पुण्या-मुंबईच्या लॅबमधल्याला हे सांगून पटत नाही.

संयुग तयार झालं की ते तेच आहे हे सिद्ध करायला एनएमआर आणि मास स्पेक्ट्रम या यंत्रांवरच्या चाचण्या लागतात. सोयीचं यंत्र जवळ नसेल, बंद असेल, तर नमुने पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेला, आयआयटी मुंबईला किंवा थेट चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या सैफ या सामायिक यंत्रांच्या केंद्राला जातात. पैसे भरा, रांगेत थांबा. रिपोर्ट आल्यावर कळतं की नमुना शुद्धच नव्हता. पीएच.डी.चं एक वर्ष अशा वाट बघण्यातच जातं असं समजून चाला.

दुसरी गोष्ट विषयाची. आपल्याकडे ऑरगॅनिकचा जोर फार. रेणूच्या एकाच सांगाड्याची वीस-पंचवीस डेरिव्हेटिव्ह, म्हणजे थोडीथोडी बदललेली संयुगं, बनवायची, ती दोन-चार जिवाणूंवर तपासायची, पेपर टाकायचा. हात तयार होतो हे खरं, पण पुष्कळदा त्या संयुगांचं पुढे कुणी काही करत नाही. त्याऐवजी किनवट किंवा बीडकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड स्वस्तात काढायचं, साखर कारखान्याच्या बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, उपयोगी काही करायचं, असा विषय मिळाला तर सोडू नका. नमुना आणायला एसटी पुरते.

केमिस्ट्रीची जमेची बाजू म्हणजे पोट. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात वोखार्ट, ल्युपिन, अजंता फार्मा आहेत. निव्वळ एम.एस्सी. असलात तरी क्यूसी म्हणजे माल तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळू शकतं. आणि इथं फक्त गोळ्याच बनतात असंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरात देशात बनलेलं म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन, दिवसाला एक असे फक्त तीन दिवस घ्यायचं अँटिबायोटिक, वोखार्टच्या संभाजीनगरच्याच संशोधन केंद्रातून आलेलं आहे. त्यामागे दशकाहून जास्त काळाचं काम आहे, आणि त्यात केमिस्ट, जीवाणूशास्त्रज्ञ, डॉक्टर सगळेच लागले.

इंजिनिअरिंग: यंत्र आहे, प्रश्न शोधावा लागतो

संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं, नांदेडचं एसजीजीएस अभियांत्रिकी कॉलेज 1981 चं. वर्कशॉप आहे, संगणक आहेत. तरी पीएच.डी.चे विषय ऐकले की वाटतं, हे कुणाला हवं होतं? लेथवर फीड आणि स्पीड बदलून टागुची पद्धतीनं ‘ऑप्टिमायझेशन’, किंवा नेटवरून उतरवलेल्या डेटावर मॉडेल चालवून 98 टक्के अचूकता. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं चिरडली. तशी घरं अजून गावोगाव उभी आहेत, ती कमी खर्चात कशी मजबूत करून घ्यायची हा सिव्हिलवाल्यांचा हक्काचा विषय. जायकवाडीतून उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी, शेततळ्याचा फाटणारा कागद, लहान शेतात वळू न शकणारं ऊसतोडणी यंत्र. वाळूजच्या सुटे भाग बनवणाऱ्या व्हेंडरकडे तर नापास मालाच्या, रिजेक्शनच्या डब्यात रोज विषय पडलेले असतात. फक्त कॉलेजच्या गेटबाहेर जाऊन मागावे लागतात, आणि कंपनीवाला पहिल्या भेटीत डेटा देत नाही.

केमिस्ट्री आणि इंजिनिअरिंगच्या मधली वाट हवी असेल तर 2018 पासून जालन्यात आयसीटी या मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा कॅम्पस आहे. केमिकल इंजिनिअरिंगचा विचार असेल तर आधी तिथं चक्कर मारा.

पैसा

सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. केमिस्ट्रीवाल्याला ही परीक्षा थेट त्याच्या विषयात देता येते. मेकॅनिकल-सिव्हिलला नेट नाही. तिथं गेट, त्यावर एम.टेक.ला महिना 12,400, आणि पुढे एआयसीटीईची डॉक्टरल फेलोशिप किंवा संस्थेचं काही असेल ते. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर मराठवाड्यातली कितीतरी पोरं पीएच.डी. करतात, पण जाहिरात कधी निघेल आणि हप्ता कधी जमा होईल यावर घर चालवायचा बेत करू नका. पैशाच्या बाबतीत एमडीवाला सुखी: रेसिडेंट म्हणून विद्यावेतन मिळतं आणि संशोधन फसलं तरी डॉक्टरकी राहते.

पीएच.डी. झाली की प्राध्यापकी मिळते हा भ्रम मात्र केमिस्ट्रीवाल्यांनी आताच सोडावा. 2023 पासून सहायक प्राध्यापकाला नेट-सेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काढलेली वर्षं पगारात कुठंच दिसत नाहीत.

मग कुणी काय घ्यावं

सरकारी एमबीबीएसची सीट लागत असेल आणि माणसांचा कंटाळा येत नसेल तर मेडिकल घ्या. इथं न झालेलं काम सगळ्यात जास्त तिथं आहे, म्हणून माझं माप त्या बाजूला झुकतं. पण कर्ज काढून खासगी सीट घेणार असाल तर संशोधनाचं नाव काढू नका. हप्ते तुम्हाला प्रॅक्टिसलाच बसवतील.

सीट लागत नसेल तर नीटची तिसरी खेप करण्यापेक्षा आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची परीक्षा द्या. पुण्याचं आयसर जवळ आहे, पाच वर्षांत बीएस-एमएस होतं आणि यंत्रासाठी चंदीगडला पार्सल पाठवावं लागत नाही. ते नाही जमलं तर गावाजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री करा आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून नेटचा अभ्यास धरा. हातानं काही जोडायची-मोडायची खोड लहानपणापासून असेल तरच इंजिनिअरिंग. ‘प्लेसमेंट तर होईलच’ म्हणून घेतलेल्या इंजिनिअरिंगमधून संशोधक निघाल्याचं क्वचितच दिसतं.

पुढे पीएच.डी.ला पोचलात की गाईड निवडताना शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर त्यांच्याकडचे मागचे चार-पाच प्रबंध उघडून बघा. सगळे एकाच साच्याचे असतील, नुसता एक शब्द बदललेला असेल, तर नमस्कार करून निघा. सध्याच्या विद्यार्थ्यांना सर नसताना, कॅन्टीनला, तीन गोष्टी विचारा: नमुने कुठं जातात, त्याचे पैसे कोण भरतं, आणि इथून शेवटचा जो पास झाला त्याला किती वर्षं लागली.